पांढऱ्या ठिपक्याचे दगड

ती पाण्याची बाटली भरून परत आली, तेव्हा एक अनोळखी तरुण तिच्या भिंतीपुढे गुडघे टेकून बसला होता आणि एकेका दगडावर बोट ठेवून म्हणत होता, "हा माझा… हाही माझा… अरेरे, हासुद्धा!"

वनोद्यानाच्या उतारावर पायवाटेच्या कडेनं गेलेली ही कमरेइतकी भिंत. सिमेंटचा थेंब नाही, नुसता दगडावर दगड. तिच्या बापाचे, म्हणजे मिस्त्रींचे, गुडघे यंदा दुखायला लागले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ओळंबा लेकीच्या हातात दिला. म्हणून ही भिंत तिची. पहिली आणि एकटीची.

"काही हरवलंय का?" तिनं विचारलं.

"घरं," तो म्हणाला. "विंचवांची."

तिनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. गुडघ्यांना माती, खिशात लांब चिमटा, केसांत वाळकं पान. डोळे मात्र बरे होते. बरे होते म्हणून ती आणखी चिडली.

"ही भिंत आहे. विंचवांची धर्मशाळा नाही."

"या ठिपक्यावाल्या प्रत्येक दगडाखाली एक विंचू राहायचा. तीन वर्षं बघतोय मी. ठिपके मीच लावलेत!"

 तिच्या आणि बापाच्या कामात ठिपक्याचा अर्थ एकच. बाप दगड हातोडीनं वाजवून बघायचा आणि खणखणीत वाजला की बोटानं चुन्याचा ठिपका लावायचा. ठिपका म्हणजे पसंत. उतारावरचे दगड बाबांनी निवडून ठेवलेत असं तिला वाटलं होतं, आणि ते पोरीनंच निवडलेत, तिची नजर तयार झाली असं बाबांना. दोघंही मनातल्या मनात एकमेकांवर खूश होते. त्या घरात कौतुक तोंडावर करायची पद्धत नव्हती, ते असं महागात पडलं.

"दगड उचलताना विंचू दिसले नाहीत?" त्यानं विचारलं.

"दिसले की. फावड्यावर घेऊन झुडपात सोडले."

"मारले नाहीत?"

"कामाच्या जागी आम्ही कुणाला मारत नाही. फक्त शिव्या घालतो."

त्याला हसू आलं. नको तेव्हा आलं, असं त्याचा चेहरा सांगत होता.

वाद उद्यानाच्या अधीक्षकबाईंपर्यंत गेला आणि त्यांनी निकाल उभ्याउभ्याच दिला. "विंचूवाल्यांचं संशोधन आधीचं. त्यांनी मागितले तर दगड परत जातील, भिंत उतरेल. संध्याकाळपर्यंत काय ते सांगा."

म्हणजे पहिली भिंत, आणि तीही उतरवायची वेळ!  बाप उलट्या घमेल्यावर बसून गुडघा चोळत राहिला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

"चला," ती विंचूवाल्याला म्हणाली. "विंचू शोधून देते. सापडले तर भिंत राहणार. कबूल?"

"कबूल… पण हात कुठेही घालायचा नाही."

"तुम्हालाच सांगायला हवं ते," ती म्हणाली आणि त्याच्या केसांतलं पान काढून टाकलं.

दोघं उतारावर फिरले. पडलेल्या खोडाची सुटलेली साल, मुळांच्या बेचक्या, उरलेले दगड. तो चिमट्यानं दगड हलकेच कलता करी, आत बघी आणि होता त्याच खळग्यात, होता तसाच टेकवी.

"किती जपता!"

"छप्पर आहे ते कुणाचं तरी."

"या पाल्यात बघू?"

"तिथे कमी. अंगाला वरून-खालून टेकेल अशी अरुंद फट लागते त्यांना. मोकळ्यावर चैन पडत नाही."

"आमचं उलटं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. इथलं झालं की सोमवारी पुढचं गाव."

तो थांबला. "सोमवारी? …पण ती म्हण खोटी आहे. आई पिल्लं पाठीवर घेते, तीही थोडेच दिवस. एरवी चांगली फट मिळाली की विंचू सहसा हलत नाही."

"मिळायला हवी मात्र," ती म्हणाली, आणि समोरच्या दगडाकडे फार लक्ष देऊन बघू लागली.

उतारावर सापडले जेमतेम दोन. ऊन कलायला लागलं. तिचा चेहरा उतरलेला बघून तो एकदम म्हणाला, "भिंतीत बघितलंच नाही आपण! माझ्याकडे जांभळ्या उजेडाची बॅटरी आहे, त्यात विंचू चमकतात. पण अंधार हवा."

"ताडपत्री आहे."

कलत्या उन्हात भिंतीवर ताडपत्री पडली आणि दोघं आत शिरले. आत उकाडा, मातीचा वास, आणि कोपराला कोपर. त्यानं बॅटरी लावली… आणि फटीफटींतून हिरवट चांदणं उमललं. इथे एक, तिथे एक, खाली आणखी एक.

"सगळे इथेच आलेत," तो कुजबुजला. "झुडपातून थेट तुमच्या भिंतीत. अशी घरं तर त्यांना उतारावरही नव्हती!"

"मोजा ना."

"मोजतो."

"सावकाश मोजा."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "एका फटीत एकच का?"

"एकटेच राहतात. पण कधीतरी तो तिचे हात धरतो, आणि दोघं तसेच चालत राहतात. बरी जागा मिळेपर्यंत."

"आणि मग?"

"मग… कधीकधी ती त्याला खाते."

"कधीकधीच ना?"

बाहेरून मिस्त्रींचा खोकला आला. "पोरी, मोजायला दोन माणसं लागत नाहीत!"

संध्याकाळी विंचूवाल्यानं अधीक्षकबाईंना सांगितलं, "भिंत उतरवायची नाही. फक्त लोक बसू नयेत म्हणून पुढे कुंपण घाला. आणि… पावसानं दगड सरकतील, ते नीट बसवायला हिच्यासारखं माणूस इथेच हवं. कायमचं."

"बागेला मिस्त्री हवाच आहे," बाई म्हणाल्या. "राहणार असेल तर माझी ना नाही."

"माझी पोर विंचवांसाठी इथे राहणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"विंचवांसाठी नाही…" त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, त्यांच्यासाठीही. पण जास्त करून… माझ्यासाठी. तिला चालणार असेल तर."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.  तिनं चुन्याच्या डब्यात बोट बुडवलं आणि पुढे होऊन त्याच्या सदऱ्यावर, बरोबर खिशाच्या वर, एक पांढरा ठिपका लावला.

बापाला समजायला वेळ लागला नाही. "वाजवून बघितलास का आधी?"

"बघितला, बाबा. भरीव आहे."

"मीही एकदा बघतो," म्हणत मिस्त्री हातोडी घेऊन उठले.

विंचूवाला एक पाऊल मागे सरला. दुसरं मात्र सरला नाही.