लाभ, दोन, तीन, चार

१९१४ साली सुपा तालुक्यात, काळी नदीच्या वरच्या अंगाला, परशूच्या खळ्यात भात मोजायचं चाललं होतं. तिकडे पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. यमुना "लाभ" म्हणाली, आणि पेंढ्याखालचं फुरसं तिच्या नवऱ्याच्या, परशूच्या पायाला डसलं.

दीर लखू डोंगरापलीकडून झिलू वैदाला आणायला पळाला. सूज गुडघ्यावर चढली की माणूस जातो, हे सगळ्यांना ठाऊक. यमुनानं परशूला ओसरीवर निजवलं आणि घोट्यापासून सूज बोटांनी मोजली.

लाभ. दोन. तीन. चार.

"भात हाय काय गं मी?" परशू हसला.

"गप पडा. हलू नका."

पुन्हा मोजली. चार. पुन्हा. चारच. ती पाणी आणायला उठली. तांब्या घेऊन परतली तर सहा.

"यमु..." परशूनं हाक मारायला घेतली. तिनं बोटं टेकवली. पुढचं अक्षर आलं नाही.

मग ती उठलीच नाही. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. सूज सहावरच. परशूचं तोंड तसंच उघडं. घामाचा थेंब भुवईपाशी येऊन थांबलेला. अंगठ्यावरच्या माशीनं उचललेला पाय खाली टेकला नव्हता.

लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा.

दुपारी लखूबरोबर झिलू आला. पाला वाटून लेप लावला. लेप वाळेना. त्यानं परशूच्या नाकाशी बोट धरलं, बराच वेळ.

"पोरी, कवापासनं मोजतीस?"

"सकाळधरनं. चढू दिली न्हाई, काका."

"व्हय. पर उतरंल कशी? औषद बी तितंच अडलंय. मोजू नको."

"आन् चढली तर?"



यमुनानं मन घट्ट केलं. भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले, डोळे मिटले.

मागे माशी उडाली.

"...ना," परशू म्हणाला. सकाळचा श्वास सावकाश बाहेर आला.

"वैनी, आला!" लखू ओरडला.

आता पुढचा श्वास. आत जाणारा. यमुना कान देऊन बसली. हात मांड्यांखालीच होते. ओठ तेवढे हलत होते.

लाभ.

दोन.

तीन.

दिवेलागणीला लखूनं कंदील आणला. लेप अजून ओलाच होता.