रोज आठचा फोन

सत्त्याण्णव साली मनमाडहून नाशिकला येताना एसटीत एक जागा रिकामी दिसली, आणि मी बसले. खाली कुणीतरी खिडकीतून टाकलेला रुमाल आहे, हे त्याचा मालक समोर उभा राहिल्यावर कळलं.

"अहो, जागा धरलीय मी."

"मग रुमालाला बसवा की!"

तो हसला… आणि नाशिकपर्यंत उभाच राहिला. रविराज. मनमाडला रेल्वेत कारकून.

मग दर रविवारी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, भेटू लागलो. एरवी फोन. त्याच्या खोलीत फोन नव्हता. शेजारच्या मंगलाबाईंचा पी.पी. नंबर होता. मी बूथवरून रोज आठला लावायचे. त्यांची मुलगी मीना उचलायची. "थांबा हं, बोलावते," म्हणून खुदकन हसायची — आणि पुढच्या क्षणी हा फोनवर! इतक्या लवकर? म्हणजे तिथेच बसलेला… तिच्याजवळ?

लहानपणी बाबा सतत फिरतीवर. माणूस नजरेआड झालं की ते गेलंच, असं मला वाटायचं. रविराज नातेवाइकांकडे वाढलेला. दुखावला की गप्प. तो गप्प झाला की मी खोदून खोदून विचारायचे, आणि मग तो आणखीच गप्प.

एकदा मंगलाबाईंनीच फोन उचलला. मी म्हणाले, "मुलीला जरा आवरा. त्याचं लग्न माझ्याशी व्हायचंय."

रविवारी तो आला, पण बसला नाही.

"मीनाचा क्लाससुद्धा बंद केला मंगलाबाईंनी. तृप्ती, काय बोललीस हे?"

"तू तिथे असतोस कशाला रोज?"

"तुझा फोन येतो ना… चुकायला नको म्हणून साडेसातपासूनच त्यांच्या ओट्यावर बसतो." त्याने मान खाली घातली. "म्हणून हसते ती."

त्या अबोल माणसाने एवढं कुणालाच कधी सांगितलं नसेल. मी त्याचा हात धरायला हवा होता. पण मी काय विचारलं?

"आणि तेव्हा मीना कुठे बसते?"

तो घाटाच्या पायऱ्या चढून गेला. मी हाका मारल्या, तो वळला नाही.

दुसऱ्या दिवशी आठला मी फोन लावला. "आज नाही आला तो," मंगलाबाई म्हणाल्या. मी रोज लावत राहिले. मला तो हवा होता हो, जिवापाड हवा होता! महिन्याभराने त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, आता नको लावत जाऊ. बदली घेऊन गेला तो."

माझी माफी ऐकायला त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. मी त्यांचीच मागितली.