विसरपेशी

मिरजेच्या अंकुरगृहात दुपारी दोन ते चार कुणी फारसं बोलत नसे. त्या वेळी सगळे पेशंट आपापले वाढते अवयव कोमट, खारट पाण्यात सोडून पडलेले असत. पाणी हळूहळू हलत राही आणि सगळ्यांनाच पेंग येई. खिडकीजवळच्या गवंड्याच्या नव्या पावलाला नखं येऊ लागली होती. त्याच्या पलीकडच्या बाईंना मनगटाच्या जागी सध्या नुसता माशाच्या परासारखा चपटा भाग होता. बोटं यायला अजून महिना होता. हे सगळं आता इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुणी “हात गेला” म्हणालं, तर ऐकणारा सहज विचारी, “मग उगवायला कधी घालताय?”

निनाद शिरगावकर आठवडाभर तिथे नुसते ऐकत बसले होते. अंकुर फुटवणारं त्यांचं इंजेक्शन अजून व्हायचं होतं. सदुसष्ट वर्षांचे निनादकाका जन्मापासून आंधळे. हार्मोनियमचे सूर लावण्यात त्यांची हयात गेली. पितळी रीड कानशीने किती घासली की सूर जागेवर बसतो, हे त्यांच्या उजव्या हाताला कळे. डावा हात लहानपणी उकळत्या तेलात पोळला होता. त्याला पकड होती, पण स्पर्श नव्हता. त्यामुळे त्यांचं जग सगळं उजव्या हातात होतं, आणि आठ वर्षांपूर्वी गच्चीवर तुटून पडलेल्या विजेच्या तारेने तो हातच नेला.

पण तो पुरता गेला नव्हता. मनगटाच्या पुढे काही नसतानाही बोटं आहेतसं त्यांना जाणवे. डॉक्टर त्याला भासहात म्हणत. रोज दुपारी काका आरामखुर्चीत पडून तो भासहात हलकेच उचलत आणि ऋजुताच्या चेहऱ्यावरून फिरवत.

ऋजुता त्यांची बायको. ती जाऊन दहा वर्षं झाली होती. डोळसांकडे फोटो असतात. काकांकडे ती या नसलेल्या हातात होती. कपाळाचा थंडावा, डाव्या भुवईतली बिनकेसांची खाच, जड कुड्यांनी ओघळलेली कानाची पाळी, हसली की गालात पडणारा खोलगट भाग, सगळं बोटांखाली जसंच्या तसं उमटे.

मग हात हवा कशाला? तर जुईसाठी. जुई त्यांची नात, हात गेल्यानंतर वर्षभराने जन्मलेली. घरी आलेला प्रत्येक जण म्हणे, “पोरगी हुबेहूब ऋजुतावहिनी आहे.” काकांना ते एकदा स्वतः पाहायचं होतं, म्हणजे चाचपायचं होतं.

इंजेक्शनच्या दोन दिवस आधी डॉ. शर्वरी हेगिष्टे त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

“काका, हात कसा उगवतो ते तुम्हाला कुणी नीट सांगितलंय का?”

“बेडकाच्या जातीचं काहीतरी घालतात, असं तो गवंडी म्हणत होता.”

डॉक्टर हसल्या. “बाहेरचं काही घालत नाही. जे तुमच्यात आहे तेच जागं करतो. शरीर घडवणारी काही जनुकं असतात. डोकं कुठे, धड कुठे, हात कुठे फुटायचा, हे ती ठरवतात. गंमत अशी, की माशी, मासा, कोंबडी, माणूस, सगळ्यांत ती जवळजवळ तीच आहेत. उंदरातलं डोळ्याचं जनुक माशीत घातलं, तर माशीला डोळा येतो, पण माशीचाच. हुकूम जुना, घडण ज्याची त्याची.”

“म्हणजे पेटी तीच, पट्ट्याही त्याच. कुठली कधी आणि किती वेळ दाबायची, त्यावर राग ठरतो.”

“अगदी तसंच. बदकाच्या पायात बोटांमधलं कातडं राहतं, आपल्या हातात ते विरून जातं. त्याच खेळातला थोडा फरक. आता सॅलमँडर म्हणून एक प्राणी आहे, दिसतो पालीसारखा. त्याचा पाय तुटला, की जखमेजवळच्या पेशी आपण कोण होतो ते विसरतात. ही कातडीची, ही हाडाजवळची, असं काही उरत नाही. आम्ही त्यांना विसरपेशी म्हणतो. विसरल्या म्हणूनच त्या गर्भातल्यासारखं पुन्हा पहिल्यापासून घडवू शकतात. आपल्या पूर्वजांची ही विद्या झाकून पडली होती. आम्ही झाकण काढतो, एवढंच.”

काका म्हणाले, “हे सांगायला तुम्ही स्टूल घेऊन बसला नाहीत.”

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मज्जातंतू पोचल्याशिवाय अंकुर जगत नाही. आणि गेल्या वर्षी आमच्या लक्षात आलं, की त्याच वाटेने विसरणं वर चढतं. मेंदूत त्या हाताचा जो नकाशा असतो, तोही कोरा होतो. नवा हात तान्ह्या बाळाचा असतो, काका. जुन्या हाताला जे जे येत होतं, ते जातं. डोळसांना फार जाणवत नाही. सही बदलते, गाठ मारायला पुन्हा शिकावं लागतं. पण तुमचं...”

“भासहातही जाईल?”

“तो आधी जाईल.”

काका म्हणाले, “म्हणजे जुईचा चेहरा हातात येईल, पण तो ताडून पाहायला ऋजुताचा नसेल.”

डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मुदत दिली. पंधरा दिवस घ्या, महिना घ्या.

काकांनी घरी येऊन एक खटपट करून पाहिली. मुलीला, जुईच्या आईला, म्हणजे ओवीला, समोर बसवलं आणि ऋजुताचा चेहरा तिच्या फोनमध्ये बोलून ठेवायला घेतला. “नाक सरळ. शेंड्याकडे किंचित... नाही, बसकं नव्हे. हनुवटी गोल.” सात वाक्यांवर गाडी अडली. बोटांना जे पहाटेच्या हवेइतकं स्वच्छ होतं, ते शब्दांत आलं की कुणाही बाईचं होई.

“बाबा, राहू द्या ना,” ओवी म्हणाली. “आई आहे तुमच्याजवळ. ती कशाला घालवता?”

त्यांनाही ते पटलं. नको म्हणून कळवायचं असं त्यांनी ठरवलंसुद्धा. पण त्या संध्याकाळी जुई त्यांच्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, “आजोबा, मी तुम्हाला कशी वाटते?”

“गोड आवाजाची.”

“तसं नाही. मी. माझं तोंड कसं आहे?”

काकांना सांगता येईना. सात वर्षं जी पोर अंगाखांद्यावर खेळली, तिच्या आवाजाला त्यांच्याजवळ चेहराच नव्हता. जिवंत मुलगी अशी बिनचेहऱ्याची ठेवून आपण दुपारभर कुणाला कुरवाळत बसलोय, असं त्यांच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी ते अंकुरगृहात गेले.

पुढचे आठ महिने एखाद्या लांबलचक झोपेसारखे गेले. मनगटाशी आधी मऊ कोंब आला, मग तो पसरट झाला. पाण्यात पडल्यापडल्या काकांना स्वप्नं पडत. त्यांत आवाज नसे, नुसता स्पर्श असे. कोमट, खारं, सगळीकडून दाबणारं पाणी, आणि त्यात एक पर जो ढकलतो, वळतो, पण काहीच धरत नाही. कधी वाटे, हे स्वप्न आपलं नाहीच, आपल्याआधीच्या कितीतरी जणांचं आहे. जागे झाले, की ते ऋजुताला शोधत. पहिल्या महिन्यात कानाची पाळी सापडेनाशी झाली. मग गाल गेला. भुवईतली खाच बरेच दिवस टिकली. एका दुपारी त्यांनी भासहात उचलला, तर उचलायला काही नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, “गेली.” डॉक्टर शेजारी बसून राहिल्या.

आठव्या महिन्यात हात पाण्याबाहेर आला. लहान मुलाच्या हाताएवढा, मऊ, रेषा नसलेला. चादर, पेला, लाकूड, प्रत्येक वस्तू त्याला नव्याने ओळख करून द्यावी लागली. तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाल्या, “आता चालेल.”

रविवारी ओवी जुईला घेऊन आली. जुई खुर्चीत ताठ बसली, डोळे मिटून. काकांनी हात पुढे नेला. कपाळ, भुवया, बारीक थरथरणाऱ्या पापण्या, नाकाखालचा ओला श्वास. त्यांना हसू आवरेना. या हाताला भेटलेला हा पहिलाच चेहरा होता.

“आजीसारखी आहे मी?”

“ते मला आता कळायचं नाही, बाळा,” काका म्हणाले. “तू तुझ्यासारखी आहेस.”

हे बोलताना काही टोचेल असं त्यांना वाटलं होतं. टोचलं नाही. त्याची तयारी त्यांनी कधीच केली होती.

जुईला गंमत सुचली. ती आवाज न करता खाली उतरली. तिने आईला ओढून खुर्चीत बसवलं आणि आजोबांचा हात आईच्या गालावर ठेवला. “आता ओळखा.”

लहानपणी शाळेतून आली, की ओवी आधी वडिलांच्या हाताखाली तोंड आणून धरी. कांजिण्यांचे व्रण, लग्नातली हळद, आई गेली तेव्हाचे भिजलेले गाल, सगळं त्या जुन्या हाताने पाहिलं होतं. ऋजुताचा निरोप घेताना या चेहऱ्याची आठवण बापलेकींपैकी कुणालाच झाली नव्हती. तो तर समोरच होता, तो कुठे जाणार होता?

हात कपाळावरून सावकाश खाली आला. अदबीने, परक्या माणसाच्या तोंडावरून फिरावा तसा. गालावर थांबला. गाल ओला झाला होता.

“कोणी नर्स बसवलीस का गं?” काकांनी हसून विचारलं. “माफ करा हं बाई, पोरीला चेष्टेची सवय आहे.”

जुई हसायची थांबली. दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टर पुढे आल्या.

“बाबा,” ओवी म्हणाली, “मी आहे.”

आवाज ओवीचाच होता. काकांनी हात काढला नाही. त्या आवाजाखालचा चेहरा ते पुन्हापुन्हा चाचपत राहिले, आणि तो कुणातरी अनोळखी बाईचाच राहिला.