तिसरं वळण डावीकडे

"एक मिनिट... मला उतरायचंय."

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकते. बहुतेक वेळा ते एखाद्या मावशीचं असतं, नातवाच्या हट्टापायी बसलेल्या. पण त्या रविवारी ते शेवटच्या रांगेतून आलं, आणि बोलणारा चांगला सहा फुटी गडी होता. शेजारची सीट रिकामी. पुढच्या रांगांत त्याचे ऑफिसातले मित्र माना वळवून वळवून हसत होते.

"काही होत नाही हो," मी मांडीवरचा बार ओढून बघत म्हटलं. "आधी मोठा उतार, मग दोन छोटी वळणं. तिसरं वळण डावीकडे. तिथे अंग डावीकडे सैल सोडायचं, की कळतसुद्धा नाही."

"तुम्ही इतक्या शांतपणे सांगताय..." तो म्हणाला. "तरी पण उतरू का?"

मी त्याचा बार सोडला. तो उतरला, मान खाली घालून निघून गेला. एवढा देखणा माणूस आणि एवढा भित्रा... मला हसू आलं. हसणं मला शोभत नव्हतं, पण ते कोणाला ठाऊक होतं?

मी संघमित्रा. सावद्याची. धुळ्याच्या अलीकडे हायवेला तो मोठा पार्क झालाय ना, तिथल्या सगळ्यात उंच रोलर कोस्टरवर मी ऑपरेटर आहे. कोस्टरचं नाव ‘वावटळ’. आमच्या प्लॅटफॉर्मच्या दोन टोकांना दोन बटणं आहेत. एकावर मी, दुसऱ्यावर वना नाना. दोघांनी एकदम बटण दाबलं तरच गाडी सुटते. एकाने हात काढला की जागेवर. नाना आधी एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे गाडी सोडताना अजून त्यांचा हात घंटीची दोरी शोधतो.

आणि मी? मी वावटळीत एकदाही बसलेली नाही.

हसा. दहा वर्षांची असताना गावच्या यात्रेतला आकाशपाळणा बंद पडला होता, आणि माझी पेटी नेमकी वर. खाली आई ओरडतेय, आबा पाळणेवाल्याच्या गळ्याला धरतायत, आणि मी वर लोंबकळतेय. तेव्हापासून मला गच्चीवर वाळवण घालायलाही जमत नाही. वावटळीचं जे काही मला येत होतं ते सगळं केबिनमधल्या स्क्रीनवर बघून पाठ केलेलं. उतार, वळणं, कुठे किंकाळ्या जास्त, सगळं. आणि इतक्या ठसक्यात सांगायची मी, की ऐकणाऱ्याला वाटावं हिचा पाळणाच त्या रुळांवर टांगला होता.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. एकटा. पुन्हा शेवटची रांग.

"जय भीम," त्याने माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून म्हटलं. "मी प्रशील. जळगावला, मेहरूणला राहतो. टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये आहे."

"म्हणजे काय करता?"

"केळीची रोपं वाढवतो, बाटलीत."

"भीती नाही वाटत?"

"रोपं हलत नाहीत ना," तो म्हणाला, आणि मी बार तपासता तपासता फसकन हसले.

बार तपासायला एका रांगेला जेमतेम चाळीस सेकंद मिळतात. आमचं सगळं बोलणं त्या चाळीस सेकंदांत बसायचं. मग तो हात वर करायचा, मी बार सोडायची, तो उतरायचा. असे पाच रविवार. गाडीत बसण्याआधी सुट्ट्या वस्तू भिंतीलगतच्या खणात ठेवाव्या लागतात. तो नेहमी बारा नंबरचा खण घ्यायचा आणि नेहमी त्यात काहीतरी ‘विसरून’ जायचा. पहिल्यांदा केळीच्या वेफर्सचा पुडा निघाला.

"सावद्याच्या मुलीला केळीचे वेफर्स?" पुढच्या रविवारी मी विचारलं. "आमच्या दारात ट्रक भरतात केळीचे. आबांचं सगळं आयुष्य केळी भरण्यात गेलं."

त्याचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. त्यानंतर शेव आली, एकदा रेवड्या आल्या, आणि एकदा... पुन्हा वेफर्सच. "दुसरं काही सुचलं नाही," म्हणाला.

"येता कशाला इतक्या लांब? बसायचं तर नसतंच."

त्याने बारकडे बघितलं. "चाळीस सेकंदांसाठी," तो हळूच म्हणाला.

माझे कान तापले. पलीकडच्या टोकावरून नानांनी आवाज दिला, "संघमित्रा, गाडी सोडू का तुनं लगीन लावू व?"

अख्खी गाडी हसली. मी धावत बटणाकडे गेले.

सगळं असं गोड चाललं असताना चारुलता मॅडमनी रजिस्टर आणलं. मॅडम आमच्या सुपरवायझर. बोलायला गोड, नियमाला कडक. त्यांचा हुकूम होता की, प्रत्येक ऑपरेटरने स्वतः वावटळीत एक फेरी मारायची आणि नावापुढे सही करायची. मुदत तीन आठवडे. शेवटच्या रविवारी पाच वाजता ज्याची सही नसेल, त्याची सोमवारपासून नोकरी नाही.

नोकरी गेली तर मला धुळ्यात खोली ठेवता येणार नव्हती. आबांनी आधीच सांगितलं होतं, "एक वरीस दिलं तुला. जमलं तर राहा, नाहीतर निमूट घरी ये." घरी म्हणजे सावदा, चूल आणि महिन्याला दोन पाहुणे बघायला. मी रोज सकाळी ठरवायची की आज बसायचं. आणि रोज कधी माझं पोट दुखायचं, कधी डोकं, एकदा तर चक्क चप्पल तुटली. एकेक सही होत गेली. माझ्या नावापुढची जागा पांढरीच राहिली. मधल्या रविवारी तर मी मामेबहिणीच्या लग्नाचं निमित्त काढून सावद्याला पळून गेले.

आणि मग तो शेवटचा रविवार उजाडला.

साडेचार वाजले तेव्हा तो जिना चढून वर आला. पण नेहमीसारखा हसत नव्हता. डावा खांदा जरा उचलून धरला होता, सावरल्यासारखा.

"काय झालं हाताला?"

"मागच्या रविवारी बसलो मी," तो म्हणाला. "पूर्ण फेरी. तुम्ही नव्हतात... म्हटलं, परत आल्यावर एकदम सांगू. डोळे मिटले आणि तुमचं एकेक वाक्य आठवत गेलो. उतार बरोबर आला. दोन वळणं बरोबर. मग तिसऱ्याला अंग डावीकडे सैल सोडलं—"

"मग?"

"संघमित्रा, तिसरं वळण उजवीकडे आहे."

माझ्या पोटात मोठा उतार आला, जमिनीवर उभ्या उभ्या.

उजवीकडे? मी केबिनच्या काचेतून स्क्रीनकडे बघितलं. तिसऱ्या वळणावरचा कॅमेरा गाडीच्या तोंडासमोर लावलेला आहे. गाडी समोरून येते आणि वळते... तिचं उजवं म्हणजे माझं डावं. आठ महिने मी हजारो लोकांना उलटं सांगत होते. बाकीचे डोळे उघडे ठेवून बसले, म्हणून निभावलं. हा एकटाच डोळे मिटून माझ्यावर विसंबला, आणि सीटच्या कडेवर आपटला.

"तुम्ही कधी बसलाच नाहीत," तो म्हणाला. त्यात प्रश्न नव्हता. राग असता तर परवडला असता, पण तोही नव्हता.

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून मॅडमचा आवाज आला. "हेच ना ते, खांदा लागलेले? प्रथमोपचाराच्या खोलीत तुम्ही म्हणालात की कोणीतरी चुकीची सूचना दिली होती. कोणी दिली?" त्यांच्या एका हातात तक्रारीचा फॉर्म होता, दुसऱ्या हातात ते रजिस्टर. "यांनी?"

प्रशीलने माझ्याकडे बघितलं. त्याच्या एका ‘हो’वर माझं सगळं होतं. पंखा फिरत होता, खाली रांगेत कोणीतरी शिट्टी मारत होतं. मला फक्त त्याची हनुवटी दिसत होती.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "सूचना बरोबर होती. माझंच डावं-उजवं चुकतं, लहानपणापासून. तो फॉर्म राहू द्या."

वाचले मी! मॅडम फॉर्म घडी करायला लागल्या. आता नुसतं गप्प राहायचं होतं मला. पण तो खांदा चोळत उभा होता, माझ्यासाठी स्वतःला बावळट ठरवून... आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"खोटं बोलतायत ते," मी म्हटलं. "मीच डावीकडे सांगितलं. मी वावटळीत कधीच बसले नाही मॅडम. मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

नाना बटण सोडून बघत राहिले. मॅडमनी रजिस्टर उघडलं, माझ्या नावापुढची पांढरी जागा बघितली, मग घड्याळ.

"पाचला पंचवीस मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "गाडी उभी आहे. तुझं बटण मी धरते."

शेवटच्या रांगेपर्यंत मी कशी गेले, आठवत नाही. बसले तर शेजारच्या सीटवर, माझ्या उजव्या बाजूला, तो येऊन बसलेला.

"तुम्ही कशाला? खांदा—"

"मला वळणं माहीत आहेत," तो म्हणाला.

मॅडमनी आमचे बार ओढून बघितले. खट्. इतके महिने मी हा आवाज वरून ऐकला होता. मांडीवर तो फार जड लागतो. नानांनी पलीकडून, मी इथेच आहे असा, हात हलवला. "भेवू नको पोरी, मी शे ना आठे!"

माझा उजवा हात आपोआप उचलला जायला लागला. हात वर केला की बार सुटतो, माणूस उतरतो. हा नियम माझ्याइतका कोणाला पाठ असेल?

"करायचा असेल तर करा वर," प्रशील समोर बघत म्हणाला. "मीही उतरतो तुमच्याबरोबर. पाच वेळा उतरलोय, मला सवय आहे."

एवढ्या भीतीतही मला हसू फुटलं. आणि हसता हसता तो अर्धवट उचललेला हात खाली आला तो त्याच्या हातावर. त्याने बोटं मिटली. दोन्ही बटणं एकदम दाबली गेली.

गाडी चढणीला लागली. साखळीचा खटखट खटखट आवाज... खालची माणसं लहान होत गेली. मी डोळे घट्ट मिटले.

"उघडा," तो म्हणाला. "मिटून काय होतं ते मला विचारा. आणि... एक विचारायचं होतं."

"आत्ता?"

"खाली गेल्यावर माझा धीर व्हायचा नाही. मी कसा आहे, तुम्हाला माहितीय."

"अहो, विचारा पटकन! टोक आलं!"

"मला तुम्ही आवडता. पहिल्या रविवारपासून. सावद्याला येऊ का मी? आबांना भेटायला?"

मी डोळे उघडले. लांबवर हायवे, कापसाची शेतं, आणि अगदी जवळ तो, घामाने डबडबलेला, माझ्याइतकाच घाबरलेला. मी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी गाडीने तोंड खाली केलं.

"याऽऽऽऽऽऽ!"

गळ्यात होता नव्हता तेवढा आवाज त्या एका शब्दात गेला. पहिलं वळण, दुसरं वळण... "आता उजवीकडे!" तो ओरडला. मी अंग उजवीकडे टाकलं, आणि तो दुखऱ्या खांद्यासकट माझ्यावर येऊन आदळला. "आई गं!" आम्ही दोघं एकदम ओरडलो, आणि मग हसायलाच लागलो. गाडी प्लॅटफॉर्मला लागून थांबली तरी आम्हाला थांबता येईना.

पाचला पंधरा मिनिटं कमी होती. मी सही केली. अक्षर असं वाकडंतिकडं आलं की माझं मलाच ओळखू येईना.

"आणि सूचना?" मॅडमनी विचारलं.

"तिसरं वळण उजवीकडे, मॅडम."

त्यांनी तक्रारीचा फॉर्म फाडला नाही. त्यावर ‘सूचना दुरुस्त केली’ असं लिहून माझ्याकडूनच पाठवून दिला. म्हटलं ना, नियमाला कडक.

नाना मात्र कमरेवर हात ठेवून उभे होते. "बठ्ठा पार्कले ऐकू उनं," ते म्हणाले. "कोनले बलाई ऱ्हायंती व तू, एवढी वरडी वरडी?"

कोणाला बोलावत होते, ते काय सांगणार? मी लाजून खणांकडे तोंड केलं. बारा नंबरच्या खणात हात घातला तर... पुडा. केळीचे वेफर्स.

प्रशील मागे येऊन उभा राहिला. "पुढच्या रविवारी मी पार्कात येणार नाही," तो म्हणाला. माझा हात पुड्यावरच राहिला. "जळगावहून सावद्याला सकाळची एसटी किती वाजता असते?"

"सात वाजता," मी म्हटलं. मान वर करून त्याच्याकडे बघायला मला वेळ लागला. "या तुम्ही. आबा तोंडाने तिखट आहेत, पण ऐकून घेतील. फक्त एक करा..."

"काय?"

"वेफर्स आणू नका."