कललेलं पाणी

बसा असे दिव्याजवळ. गोष्ट एका गवंड्याची आहे आणि सुरुवात अगदी साधी आहे. त्याला परसात तळं बांधायचं होतं.

भिंत सरळ आहे का ते बघायच्या वजनाच्या दोरीवरून त्याला सगळे ओळंबा म्हणत. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. बायको त्याची खोड काढायला चपला मुद्दाम वाकड्या सोडायची, एक इकडे, एक तिकडे. तो चडफडत त्या जुळवायचा आणि ती हसायची. पण आजारपण लांबलं आणि तिचं हसू गेलं. ती पलंगावरून उठेचना. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलंय, आता हिला स्वतःहून बाहेर यावंसं वाटलं पाहिजे. ती नदीकाठी वाढलेली. पाण्याच्या आवाजाने तरी येईल, एवढीच त्याची आशा होती.

त्याने एकट्याने खड्डा खणला, तळाला वाळू पसरली, वर जाड काळं प्लास्टिक अंथरलं, काठाला दगड बसवले. छोट्या पंपाने पाणी दगडांवर चढवायचं आणि तिथून खळखळत पुन्हा तळ्यात सोडायचं, असा बेत होता. तळं भरलं आणि त्याचं डोकंच फिरलं. घराकडच्या काठावरून पाणी सांडत होतं आणि समोर, कुंपणाकडचा काठ चार बोटं कोरडा होता.

काठ उखडला, लेव्हल लावून पुन्हा बसवला. बुडबुडा बरोबर मध्ये. पाणी पुन्हा घराकडे. परत उखडला. बोटांची सालं निघाली, जेवण गोड लागेना. मेहुणा रंगारी होता, तो येऊन म्हणाला, दाजी, तळ्याचं राहू द्या, घरच जरा उचला. गवंड्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा न घेताच निघून गेला.

एक मात्र खरं. पंप सुरू झाला आणि पाण्याचा आवाज खोलीत पोचला तशी बायको उठून बसू लागली. मग भिंतीला धरून मागच्या दारापर्यंत, मग थेट काठावरच्या खुर्चीत. आणि तिथे त्याला दिसलं. तिने खुर्ची उजवीकडे सरकवली, तसं पाणीही उजवीकडे चढलं. पार तिच्या पावलांपर्यंत.

"बघा ना... कसं जवळ येतं," ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी हसली.

भीतीपेक्षा त्याचा संताप मोठा होता. डोळा चुकेल, हात चुकेल, पाणी चुकत नाही, याच भरवशावर त्याने आयुष्यभर घरं उभी केली होती. तेच पाणी त्याच्याच परसात त्याला खोटं पाडत होतं. बायको हसली एवढ्यावर दुसरा कुणीही गप्प बसला असता.

"राहू द्या तसंच," ती म्हणाली. "मला बरं वाटतंय."

"वाकडं काम मी ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली असताना त्याने पंपाची नळी कुंपणापलीकडच्या गटारात सोडली आणि तळं रिकामं केलं. शेवटचं पाणी जाताना गटारातून एक लांब उसासा ऐकू आला. पंपाने हवा ओढली असेल, असं म्हणून त्याने प्लास्टिक पुसलं आणि नवं पाणी भरलं.

पाणी स्थिर झालं. चारी बाजूंना सारखं, तंतोतंत. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने बायकोला हाक मारली.

ती आली. भिंतीला न धरता, ताठ. काठाशी थांबून तिने चपला काढल्या आणि वाकून टाचेला टाच लावून जुळवून ठेवल्या. मग खुर्चीत बसली. पाणी जागचं हललं नाही.

त्याने पायाने एक चप्पल हळूच वाकडी केली. गंमत म्हणून, निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं. तिने ती लगेच सरळ केली.

"अगं... बरं वाटतंय ना?"

"हो. आता सगळं सरळ झालं."

आवाज तिचाच होता. ती हसली मात्र नाही. दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसली, आणि आत जायला म्हणून तो उठला तेव्हा पाणी हळूहळू कलू लागलं होतं. तिच्याकडे नाही. समोर, कुंपणाकडे, जिथे कुणीच नव्हतं. तिकडचे दगड भिजले आणि पाणी काठावरून गटाराच्या दिशेने सांडू लागलं.

घरात ती आता ठणठणीत आहे. स्वयंपाक करते, बाजारात जाते, मेहुणा तर म्हणतो की ताईला नजर लागायला नको. गवंडी नुसती मान हलवतो. काठाला त्याने पुन्हा हात लावला नाही. रोज संध्याकाळी तो खुर्ची उचलून कुंपणाकडच्या काठावर नेतो आणि खुर्चीपुढे तिच्या जुन्या चपला नीट जुळवून ठेवतो.

सकाळी त्या ओल्या असतात. एक इकडे, एक तिकडे.