पडद्यावरचा पाय

विजयालक्ष्मी काळ्यांच्या पत्राला उल्हास पाध्यांनी वीस दिवस उत्तर दिलं नव्हतं. चार मसुदे लिहून फाडले होते. ते निवृत्त ग्रंथपाल, काळ्यांचे जुने स्नेही. आपल्या सल्ल्याने कुणाचं भलं होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

शेवटी ते पत्र घेऊन दिल्लीतल्या सरोजिनी नगरात चेतना राजवाडेच्या कचेरीत गेले. चेतना खासगी तपास करी. तिने पत्र मोठ्याने वाचलं.

‘गुडगावच्या नव्या इस्पितळात माझ्या पायाचा एक्स-रे काढला. जोडवी चाळीस वर्षांत निघालेली नाहीत, तशीच ठेवली. आता म्हणतात, उजवा गुडघा पार झिजलाय, सतरा तारखेला बदलू. माझा गुडघा जरा कुरकुरतो, इतकंच. पण कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून कुणी ऐकत नाही. काय करू?’

“सतरा म्हणजे उद्या, काका.”

“हो.”

“आणि तुम्ही मसुदे फाडताय.”

लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमधून त्यांनी विजयालक्ष्मींचे यजमान विश्वनाथराव यांना सोबत घेतलं. दोन मजले उतरताना विश्वनाथराव प्रत्येक वळणावर थांबले.

“दुखतंय?” चेतनाने विचारलं.

“छे, कुंड्या बघतोय. त्या दिवशी मीही काढला एक्स-रे. माझा गुडघा उत्तम निघाला.”

इस्पितळात डॉक्टर यशोधन सुर्व्यांनी पडदा वळवला. विजयालक्ष्मींच्या फाइलमधला, मांडीपासून बोटांपर्यंत अख्खा पाय. काळ्यावर नुसती करडी हाडं.

“नवा सांधा कॉम्प्युटरवर आधीच बसवून बघतो. इथे चूक होत नाही.”

“बाईंना विचारलंत, किती दुखतं?”

“म्हणतात, फारसं नाही. आपल्या बायका सहन करतात.”

चेतनाने कपाळाला हात लावला आणि ती नोंदणीच्या खिडकीशी गेली. तिथल्या राघवने खांदे उडवले.

“मैडम, उस दिन मशीन नई थी. एक फोटो की पर्ची पर विश्वनाथ काले लिखा था. नाम डाला, दो आए. पहला ले लिया. बचा हुआ फोटो दूसरे में.”

“पहला कौन था?”

“विजयालक्ष्मी विश्वनाथ काले.”

चेतना परत आली. “डॉक्टर, आता विश्वनाथरावांची फाइल उघडा.”

पडद्यावर दुसरा पाय आला. गुडघा ठीक होता. अंगठ्याशेजारच्या बोटावर पांढरंशुभ्र कडं चमकत होतं.

“विश्वनाथराव, तुम्ही जोडवी घालता?”

चेतनाने पडद्यावरच्या कड्यावर बोट ठेवलं.

“चांदी एक्स-रेत पांढरी दिसते. बाईंची जोडवी निघत नाहीत, तरी मघाच्या पायात ती नव्हती. आपल्याकडे बायकोच्या नावात नवऱ्याचं नाव असतं. विश्वनाथ शोधला की दोघं हजर. राघवने यांचा पाय बाईंना दिला, बाईंचा यांना.”

“म्हणजे मशीन चुकलं?” उल्हासरावांनी विचारलं.

“मशीनने अचूक मोजलं, काका. दुसऱ्याचं. उत्तम गुडघ्याचा माणूस जिन्यात कुंड्या बघत नाही.”

डॉक्टर हळूच म्हणाले, “मी गुडघाच बघत होतो.”

विश्वनाथराव खुर्चीत टेकले आणि पहिल्यांदाच उघडपणे गुडघा चोळू लागले. “कॉम्प्युटर चांगला म्हणतोय, तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची?”

उद्याची शस्त्रक्रिया रद्द झाली. दोघांचे एक्स-रे पुन्हा निघणार होते.

दुसऱ्या दिवशी उल्हासराव सरोजिनी नगरच्या टपालपेटीशी विजयालक्ष्मींच्या नावाचं पाकीट घेऊन उभे होते.

“त्या दहा मिनिटांवर राहतात,” चेतना वैतागली. “आणि त्यांना सगळं कळलंय.”

“त्यांनी पत्र लिहिलं होतं.”

आत एकच ओळ होती: ‘तुमचं खरं होतं, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.’

त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.