सुनयनाचा पिवळा मोझॅक

"ए! आंधळा आहेस का?"

सुनयना ओरडली, पण उशीर झाला होता. सकाळभर खपून तिनं बसवलेल्या ओल्या मोझॅकवर चपलेचा ठसा उमटला होता आणि त्या चपलेतला उंच पोरगा एका पायावर तोल सावरत उभा होता.

"मना वाटला सुकलंय..."

"सुकलंय? पाणी चमकतंय की वर!"

"खाली नाय बघितला," तो चाचरला. "समोर बघत होतो."

समोर तीच होती. ती आणखीच भडकली.

शिरवणे गावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये गोटीराम मिस्त्री जुन्या इमारतींच्या फरशा दुरुस्त करायला शिकवत. मुंबईतल्या एका जुन्या वाचनालयासाठी कारागीर तयार होत होते. सुनयना त्यातली एकटीच मुलगी; वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. चपलेवाला इंद्रजित करावे गावचा, होडीवाल्यांच्या घरातला.

त्या दिवसापासून दोघांचं रोज वाजायचं.

"तुझा पिवळा रंग बघ, हळदीसारखा झालाय!"

"हळद लागली त काय वाईट हाय?"

"थापी फेकून मारीन!"

तो हसायचा. तो आला नाही, की तिचं लक्ष सारखं दाराकडे जायचं... आणि त्याचाही तिला राग यायचा.

वाचनालयाची फरशी पिवळी होती, पण पायांखाली झिजून विटलेली. नवा तुकडा तिच्याशेजारी उठून दिसता कामा नये. ओला रंग फसवतो, म्हणून सुनयना प्रत्येक नमुना पूर्ण वाळू द्यायची, घासायची, जुन्या तुकड्याला लावून बघायची आणि चिडून फोडायची. शेवटी एक असा जमला, की कितीही निरखलं तरी जुना कुठला, नवा कुठला कळेना.

कामावर कोणाला घ्यायचं ते ठरवायला वाचनालयाचे साहेब आले. तो नमुना हातात घेऊन म्हणाले, "हा कोणी केला?"

"इंद्रजितनं," गोटीराम मिस्त्री म्हणाले. पोरीला साइटवर पाठवायचं त्यांच्या मनातच नव्हतं.

सुनयनानं इंद्रजितकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली... आणि तो गप्प राहिला.

तिनं थापी आपटली आणि बाहेर पडली. भादव्याची रिपरिप चालू होती. तो मागून पळत आला.

"सुनयना, ऐक ना—"

"का गप्प बसलास?"

"काम लागला असता त..." त्याचा आवाज खाली गेला. "तुज्या बापाकडं येनार होतो. मागनी घालायला. तू मना आवडतेस."

पावसाचं पाणी डोळ्यांत जात होतं, तरी ती पापणी न मिटवता बघत राहिली.

"माझंच काम चोरून मलाच मागणी? लाज नाही वाटली?"

"वाटली. पन तोंड उघडला नाय."

"मग ते प्रेम टाक खाडीत!"

दुसऱ्या दिवशी साहेब नावं पक्की करत होते, तेव्हा इंद्रजित सगळ्यांसमोर उभा राहिला. "तो नमुना सुनयनाचा हाय. मी खोटा वागलो."

साहेब संतापले. त्यांनी मिस्त्रींना झापलं, इंद्रजितचं नाव काढून टाकलं.

"पण साहेब, पोरीला तिथं सांभाळणार कोण?" मिस्त्री पुटपुटले.

"मी फरशी सांभाळायला जातेय," सुनयना कडाडली. "मला कोणी सांभाळायला नको!"

साहेबांनी मान डोलावली. "सोमवारी कामावर ये."

इंद्रजित बाहेर नळावर हात धूत होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आता तरी राग गेला?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही. हे कालच बोलायला हवं होतंस."

"हां... हवा होता." तो ओले हात झटकून निघाला. "जातो मग."

"थांब! रविवारी मी घरी असते. रंग कालवायला शिकवीन. पुढच्या कामाला नमुना दे, पण स्वतःचा."

तो गर्रकन वळला. "आनि मागनी?"

"ती मी घालीन. तुझ्या घरी येऊन. मला वाटलं तर!"

त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"हसू नकोस. मी अजून रागातच आहे," ती म्हणाली. मग त्याचं मनगट धरून तिनं त्यावर वाळलेलं सिमेंट ओढणीच्या टोकानं पुसायला घेतलं, नको तितक्या जोरात, आणि ते निघून गेल्यावरही मनगट सोडलं नाही.